दोन दारांमधला लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. मोठ्या साहेबांच्या मोटारीवर मिरवतो तो नव्हे, तसलं नशीब माझं नाही. मी रेडिओ केंद्रातला दिवा. आत कार्यक्रम सुरू झाला की मी लागायचो, आणि मी लागलो की बाहेरच्याने आत यायचं नाही आणि आतल्याने बाहेर जायचं नाही. उभ्या आयुष्यात मी एकच शब्द बोललो, तोही तोंड न उघडता. तो शब्द म्हणजे ‘थांबा’. सध्या मी कुठे पडलोय त्याचं रडगाणं शेवटी गाईन. आधी माझा जन्म ऐका.

पत्र्याचं काम करणाऱ्या एकाने माझी पेटी बनवली. तिला पुढून लाल काचेचं झाकण, झाकणाला बिजागरी आणि एक नाजूक कडी. आत एक साधा बल्ब. केंद्राच्या वायरमनने मला हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, आता आपण बाहेरच्या मोठ्या व्हरांड्यात, दाराच्या वर, ऐटीत बसणार. येणारे-जाणारे मान वर करून बघणार. वायरमनच्याही मनात तेच होतं. पण त्याने वायर मोजली ती टेपने नव्हे, स्वतःच्या हातांनी, आणि दुकानदाराने दिली ती आपल्या हातांनी मोजून. दुकानदार बुटका होता. वायर आली ती दोन हात कमी.

वायरमन शिडीवर चढून वायर ताणत राहिला. वायर काही रबर नव्हती. शेवटी तो खाली उतरला, इकडेतिकडे बघितलं आणि मला जिथे वायर संपली तिथेच ठोकून मोकळा झाला.

ती जागा नीट समजून घ्या, कारण माझी सगळी कहाणी तिथेच अडकली आहे. स्टुडिओला एक सोडून दोन दारं असतात. व्हरांड्यातलं दार उघडलं की चार पावलांची अरुंद बोळकंडी, आणि तिच्या टोकाला आतलं दार. बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून ही युक्ती. दोन्ही दारं गादीसारखी जाड, भिंतींनाही तसंच जाड अस्तर. खिडकी नाही, हवा कोंडट. त्या बोळकंडीत, आतल्या दाराशेजारी, माणसाच्या नाकासमोर येईल इतक्या उंचीवर मी बसलो. तिथे मी एकतीस वर्षं काढली.

वायरमनने वायर वाचवायला आणखी एक उद्योग केला होता. स्टुडिओच्या आत, आवाजाची बटणं सांभाळणाऱ्या माणसाच्या टेबलावर एक छोटा दिवा होता. तो आणि मी एकाच तारेत ओवलेले होतो. माझा बल्ब गेला की त्याचाही जीव जायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता स्टुडिओतून ‘गुरुवारची मैफल’ थेट प्रक्षेपित व्हायची. गावातलीच माणसं वाजवायची. बेकरीवाला अकॉर्डियन वाजवायचा, एक टपालवाली बाई व्हायोलिन, आणि एक शिंपी ढोल. मध्ये कुणीतरी लेखक येऊन आपल्या पुस्तकातलं पान वाचायचा. समोर वीस खुर्च्यांवर बसून लोक ऐकायचे. आणि गावभर घराघरांत रेडिओ लागायचे.

सगळं गाव ऐकायचं, मित्रांनो. फक्त मला ऐकू यायचं नाही.

कारण सरळ आहे. कार्यक्रम सुरू व्हायचा तेव्हा दारं बंद व्हायची, आणि दारं उघडायची तेव्हा कार्यक्रम संपलेला असायचा. एवढी वर्षं मी त्या मैफलीची राखण केली, पण एक सूर माझ्या वाट्याला आला नाही. लग्नघरात चपला सांभाळणाऱ्याने जेवणाच्या पंगतीचं वर्णन ऐकावं, तसं मी परत जाणाऱ्या लोकांचं बोलणं ऐकायचो. “आज बेकरीवाल्याने काय वाजवलं हो,” असं कुणी म्हणालं की माझा जीव तळमळायचा.

शिवाय चुकीच्या जागी बसल्याचं पाप माझ्या माथी होतंच. मी बाहेर असतो तर लोक बाहेर थांबले असते. पण मी होतो बोळकंडीत. माणूस बाहेरचं दार ढकलून आत यायचा, दार मागे आपोआप मिटायचं आणि मग त्याला मी दिसायचो. मी लागलेला असताना कोणतंच दार उघडायचं नाही, असा नियम होता. तो नियम त्या केंद्रातल्या माणसांच्या हाडीमांसी भिनलेला. त्यामुळे आलेला माणूस पुढेही नाही आणि मागेही नाही, असा तिथेच उभा. चहावाला एकदा अकरा कपांचा ट्रे घेऊन चाळीस मिनिटं माझ्याकडे बघत उभा राहिला. चहावर साय आली. जाताना त्याने मला जी शिवी दिली ती मी तुम्हाला सांगणार नाही.

मग एका गुरुवारी खुद्द केंद्राचे साहेब अडकले. नियमाच्या कागदावर त्यांचीच सही, त्यामुळे बोलणार काय? अर्धा तास मूग गिळून उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. सहाला शिपाई कडी लावणार, म्हणजे उशिरा येणारा बोळकंडीत शिरणारच नाही. साहेबांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. आधीच बोळकंडीत असलेल्या माणसाचं काय, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता त्या गुरुवारची गोष्ट.

त्या दिवशी लेखिका म्हणून ज्या बाई आल्या, त्या छापखान्यात मजकूर तपासायच्या. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर त्यांनी स्वतःचं पहिलं पुस्तक लिहिलं होतं. पन्नाशी उलटलेली, नाकासमोर चालणारी बाई. हातात पुस्तक, पुस्तकात कागदाची खूण. निवेदिकाबाई त्यांना बोळकंडीपर्यंत घ्यायला आल्या. आतलं दार उघडं होतं, आणि त्यांचं बोलणं माझ्यासमोरच झालं.

“घाबरू नका हं,” निवेदिकाबाई म्हणाल्या. “तुमच्या भावाने मला सगळं सांगितलंय. बोलताना तुम्ही अडता ना, ते.”

लेखिकाबाईंनी नुसती मान हलवली.

“मी तुमच्या पानाची नक्कल करून घेतलीय. तुम्ही अडलात की तिथून पुढे मीच वाचीन. अगदी सहज. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

निवेदिकाबाई मनाने वाईट नव्हत्या. मदतच करायला निघाल्या होत्या. पण मला लेखिकाबाईंचा चेहरा दिसत होता. तो पार उतरला.

“ब... ब...” त्या म्हणाल्या.

“बरं वाटेल ना तसं? छान,” निवेदिकाबाईंनी वाक्य पुरं केलं आणि त्या लगबगीने आत गेल्या.

लेखिकाबाईंना तसं म्हणायचं नव्हतं. काय म्हणायचं होतं ते मला मागाहून कळलं. त्याही आत गेल्या, पण पाच मिनिटांत बाहेर आल्या. वीस खुर्च्या, चाळीस डोळे बघून त्यांची पाचावर धारण बसली होती. त्यांनी आतलं दार मागे लोटलं आणि श्वास घ्यायला म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. एकच मिनिट, असं त्या स्वतःशी पुटपुटल्या.

नेमके त्याच मिनिटाला सहा वाजले. बाहेर शिपायाने कडी सरकवली. आत बटणवाल्या काकांनी कळ दाबली आणि मी लागलो.

त्या काकांना सगळे मुंगीकाका म्हणायचे. पावलांचा आवाज नको म्हणून ते स्टुडिओत नुसत्या मोज्यांवर चालायचे. कधी आले आणि कधी गेले, पत्ता लागायचा नाही. कळ दाबण्याआधी बोळकंडीत डोकावून बघायची पद्धत नव्हती. कडीची सोय झाल्यापासून तर कुणालाच तशी गरज वाटत नव्हती. आणि निवेदिकाबाईंना वाटलं, पाहुण्या मागच्या खांबाआड बसल्या असतील.

लेखिकाबाईंनी आधी बाहेरचं दार ओढून बघितलं. ते हललं नाही. मग त्यांनी आतल्या दाराच्या मुठीवर हात ठेवला. त्या दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. मूठ फिरवली की झालं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात काढून घेतला. दारावर एक थाप मारली, ती गादीवर मारल्यासारखी तिथेच जिरली.

मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दार बंद नव्हतं, त्यांना मीच कोंडलं होतं. विझावं म्हटलं तर दिव्याला स्वतःहून विझता येत नाही.

थोड्या वेळाने त्यांनी पुस्तक उघडलं. माझ्याच उजेडात. लाल उजेडात वाचणं काही सोपं नाही, पण पान त्यांना पाठच असावं. त्या वाचू लागल्या, मोठ्याने. आणि अख्खं पान वाचलं, एकदाही न अडता. आवाज थोडा जाडसर, खालच्या पट्टीतला, ऐकत राहावा असा. माझ्या आयुष्यातला तो पहिला कार्यक्रम. श्रोता मी एकटाच.

वाचून झाल्यावर त्या माझ्याशी बोलल्या. माणसं एकटी असली की दिव्याशीही बोलतात.

“बघ,” त्या म्हणाल्या. “कुणी बघत नसलं की येतं. माझे बाबा चष्म्याचं दुकान चालवायचे. लहानपणी गिऱ्हाइकासमोर मी अडले की ते चटकन वाक्य पुरं करायचे. प्रेमानेच करायचे. पण त्यामुळे माझं एकही वाक्य मी त्यांच्यासमोर शेवटपर्यंत बोलले नाही. आज ते घरी रेडिओपाशी बसलेत. शहाऐंशी वर्षांचे आहेत. मला कुणी मध्ये बोलायला नको आहे, एवढंच त्या बाईंना सांगायचं होतं.”

त्यांनी घड्याळ बघितलं. सहा वाजून एकवीस मिनिटं. त्यांची वेळ पंचविसाव्या मिनिटाची. चार मिनिटांनी निवेदिकाबाई नक्कल उघडणार होत्या आणि बाबांच्या कानांवर पुन्हा दुसऱ्याचाच आवाज पडणार होता. पुन्हा कुणीतरी वाक्य पुरं करणार होतं, या खेपेला तर अख्खं पानच.

त्यांनी मूठ धरली, सोडली. पुन्हा धरली, पुन्हा सोडली. मी आपला निर्लज्जासारखा लागलेलाच. माझा जीव टांगणीला लागला. मनात म्हणत होतो, बाई, फिरवा ती मूठ, कसला नियम आणि कसलं काय. पण सव्वीस वर्षं नियमाने चुका दुरुस्त करणारी बाई नियम कसा मोडणार?

मग त्यांनी जे केलं, ते फक्त तसल्या बाईलाच सुचू शकतं. दिवा लागलेला असताना दार उघडायचं नाही, असा नियम ना? मग आधी दिवा घालवू. त्यांनी माझी नाजूक कडी काढली, झाकण उघडलं, हाताला रुमाल गुंडाळला आणि माझा तापलेला बल्ब फिरवून फिरवून काढला.

बोळकंडीत मिट्ट काळोख झाला. मला मात्र हायसं वाटलं.

आणि मुंगीकाकांच्या टेबलावरचा छोटा दिवाही गेला. बोळकंडीतला लाल दिवा गेला म्हणजे कुणीही धडाधड आत येईल, या धास्तीने ते शर्टाच्या खिशात कायम एक बल्ब ठेवायचे. तो घेऊन ते मोज्यांवर पळत आले आणि आतलं दार हलकेच उघडलं. समोर लेखिकाबाई. मुठीकडे नेलेला एक हात हवेत तसाच, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेला बल्ब.

“तुम्ही इथं?” मुंगीकाका कुजबुजले. “कधीपासून?”

“सहापासून. दिवा लागला होता म्हणून दार उघ... उघडलं नाही.”

“आणि दिवा कसा गेला?”

“मी काढला.” त्यांनी बल्ब पुढे केला. “आता उघडणारच होते.”

मुंगीकाकांनी बल्बाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. हसू आलं ते त्यांनी गिळलं. “चला, तुमचीच वेळ झालीय.”

बाई जागच्या हलल्या नाहीत. “आत नको. आत नाही ज... जमणार. इथं वाचलं तर सगळं आलं.”

“इथं? कुणाला वाचून दाखवलंत?”

त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

इतक्यात निवेदिकाबाई नक्कल हातात घेऊन चवड्यांवर दाराशी आल्या. अकॉर्डियनचं गाणं संपत आलं होतं. “काका, मी वाचते ना,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “उगाच त्यांना कशाला त्रास?”

“त्रास कसला? पाहुण्या वाचणार आहेत,” मुंगीकाका म्हणाले. “याच्यासमोर.”

त्यांनी चटकन माझा बल्ब बसवला, कडी लावली. मग टेबलावरचा माईक उचलून त्याची लांब वायर ओढत बोळकंडीत आणला आणि बाईंच्या हातात दिला. आतलं दार मिटेना. उंबऱ्यात माईकची वायर आडवी आली होती. चार बोटांची फट राहिली.

मित्रांनो, मी लागलेला होतो आणि दार उघडं होतं. असं आधी कधीच झालं नव्हतं. त्या फटीतून बेकरीवाल्याचे शेवटचे सूर आत आले. ढोलावर शिंप्याची बोटं पडली, व्हायोलिन एकदा वर जाऊन खाली आलं. मग टाळ्या. टाळ्यांचा आवाज पाऊलभर अंतरावरून कसा असतो, ते मला त्या दिवशी कळलं. जन्माचं सार्थक झालं, असं मला वाटलं.

निवेदिकाबाईंनी आत लेखिकाबाईंचं नाव घेतलं, पुस्तकाचं नाव घेतलं. आणि लेखिकाबाईंनी माझ्याकडे बघत तोंड उघडलं.

“ब...”

पुढे काही येईना.

“ब... ब...”

मघाशी माझ्यासमोर सहज आलेला शब्द आता गळ्यात रुतून बसला. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. फटीतून मला निवेदिकाबाई दिसत होत्या. त्यांनी नक्कल वर धरली, मुंगीकाकांच्या टेबलाशेजारच्या दुसऱ्या माईककडे एक पाऊल टाकलं. मुंगीकाका उंबऱ्यात बसले होते. त्यांनी मागे वळूनही न बघता तळहात वर केला.

थांबा.

माझा एकुलता एक शब्द त्यांनी हाताने सांगितला. निवेदिकाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. रेडिओवरची शांतता फार वाईट असते. घराघरांत लोक उठून बटण पिळतात, रेडिओ बिघडला म्हणतात. पण तेवढ्यात आत बेकरीवाल्याने अकॉर्डियनचा भाता हळूच ओढला आणि खालचा एकच सूर धरला. ना गाणं, ना चाल. शब्द येईपर्यंत नुसता धरून ठेवला.

मुंगीकाकांनी नंतर सांगितलं की अकरा सेकंद गेले. मला ते एकतीस वर्षांपेक्षा मोठे वाटले.

“बाबांच्या दुकानात आरसा नव्हता,” लेखिकाबाई म्हणाल्या.

शब्द सुटला. त्या पुढे वाचत गेल्या. चष्म्याच्या दुकानात आरसा नसल्यामुळे कोण कसं दिसतं ते बाबाच सांगायचे आणि गिऱ्हाईक त्यांच्यावर विश्वास ठेवून जायचं, असं ते पान होतं. मधे दोनदा अडल्या. दोन्ही वेळा मुंगीकाकांचा तळहात वर, दोन्ही वेळा बेकरीवाल्याचा सूर, आणि दोन्ही वेळा शब्द आपल्या पायांनी बाहेर आला. शेवटचं वाक्य त्यांनी डोळे मिटून म्हटलं. आत टाळ्या पडल्या, तेव्हा त्या माझ्या पेटीवर हात ठेवून उभ्या होत्या. पेटी गरम होती. त्यांनी हात काढला नाही.

पुढच्या गुरुवारी, कार्यक्रमाआधी, त्यांचा भाऊ मुंगीकाकांचे आभार मानायला आला. बोळकंडीतच दोघे बोलले.

“ताई सुरुवातीलाच अडली ना,” भाऊ म्हणाला, “तेव्हा बाबांचं तोंड उघडलं. पन्नास वर्षांची सवय. मला वाटलं, आता वाक्य पुरं करणार. पण त्यांनी तोंडावर हात धरला. ताईचा शब्द येईपर्यंत तसाच धरून ठेवला होता.”

“मग? काय म्हणाले?”

“सगळं ऐकलं. रेडिओ बंद करायला सांगितला. मग म्हणाले, ‘एवढंच होतं होय रे. मी थोडं थांबलो असतो तर पोरगी बोलली असती.’”

मुंगीकाका मोज्यातल्या भोकाकडे बघत राहिले. मग त्यांनी रुमाल काढून माझी काच पुसली.

त्यानंतर बाहेरच्या दाराची कडी काढून टाकली गेली, आणि कळ दाबण्याआधी बोळकंडीत डोकावायचं असा नियम झाला. मुंगीकाका निवृत्त झाले. केंद्र वरच्या मजल्यावर गेलं. तिथे दाराबाहेर, योग्य जागी, चकचकीत अक्षरांची पाटी उजळते. मला भिंतीवरून उपटलं, माझी वायर माझ्याच गळ्याभोवती गुंडाळली आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून कपाटात ठेवलं. काचेला तडा गेलाय. इथे बोळकंडीइतकीही जागा नाही. दर गुरुवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी पायांचा ठेका ऐकू येतो, सूर मात्र ऐकू येत नाही. चार बोटांची ती फट मला रोज आठवते.

मित्रांनो, कधी त्या कपाटाशी आलात तर डबा उघडून माझ्यावरची धूळ झटका. झाकण पूर्ण लावू नका, थोडी फट ठेवा, एवढीच माझी विनंती आहे. ते जमलं नाही तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी बोलता बोलता शब्दापाशी अडकलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. माझी आठवण काढा आणि थांबा.